लग्नाची डीव्हीडी आणि बिनट्रेचा लॅपटॉप

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही घरातलं लोखंडी कपाट उघडा. साड्यांच्या घड्यांखाली किंवा लॉकरमध्ये सोनाराच्या पावत्यांशेजारी दोन-चार चकत्या सापडतातच. एक थोरलीच्या लग्नाची, कव्हरवर बदामाच्या आकारात नवरा-नवरी. एक अकोल्याला नाहीतर संभाजीनगरला काढलेल्या एमआरआयची, कारण तिथल्या सेंटरवाल्याने फिल्मसोबत ती हातात ठेवली होती. शेगावहून आणलेली पारायणाची, सत्यपाल महाराजांच्या सप्तखंजिरीची, आणि घरातल्या कुणीतरी एमएस-सीआयटी केलं तेव्हाची एक. आता घरात नवा लॅपटॉप येतो. त्याच्या चारही बाजू चाचपून पाहिल्या तरी चकती घालायला जागा सापडत नाही. मग घरातलं मोठं माणूस विचारतं, "चाळीस हजाराचा घेतला म्हणता, अन् त्यात साधी सीडी काहून नाही चालत?"

प्रश्न रास्त आहे. चकतीचा ट्रे लॅपटॉपमधून एका रात्रीत गेला नाही. २००८ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअर आणला तेव्हा त्यात ट्रे ठेवला नाही आणि ज्याला हवा त्याच्यासाठी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह वेगळा विकला. तेव्हा लोक हसले. पुढे बाकीच्या कंपन्यांनी तेच केलं, कारण ट्रे काढला की लॅपटॉप पातळ होतो, हलका होतो आणि बॅटरीला जागा मिळते. चकत्या मात्र कपाटातच राहिल्या. म्हणून आज दुकानात हा प्रश्न येतो: ड्राइव्ह आत बसवायचा घ्यावा की बाहेरून जोडायचा? दुकानदाराचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्याकडे कोणता शिल्लक आहे त्यावर ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक घरांना बाहेरचा ड्राइव्ह पुरतो, आणि तोही घरटी एक नको, भावकीत एक असला तरी भागतं. आतला ड्राइव्ह त्यांनीच बसवावा ज्यांच्याकडे टॉवरवाला डेस्कटॉप आहे आणि चकत्यांचा ढीग आहे. वेगाचे आकडे बघून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. चकत्या किती आहेत, त्या कुणाच्या मशीनवर वाचायच्या आहेत आणि त्या मशीनला वीज कशी मिळते, हे पाहायचं. पण नुसतं मत घेऊन कुणी पैसे खर्च करू नयेत. ड्राइव्हच्या आत काय चालतं ते एकदा बघून घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

सीडी म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यावर एकच लांबलचक रेघ असते. ती आतल्या भोकाजवळ सुरू होते आणि वेढे घेत कडेपर्यंत जाते. म्हणून अर्धीच भरलेली चकती उन्हात तिरपी धरली तर आतला भाग वेगळ्या छटेचा दिसतो. रेघेवर अतिसूक्ष्म खड्डे असतात. घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या चकतीवर खड्ड्यांऐवजी रंगद्रव्यावर लेसरने भाजलेले ठिपके असतात. सीडीत रेघेच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीत ०.७४ आणि ब्लू-रेत ०.३२. वेढे जवळजवळ आले की वाचणारा किरणही तितकाच बारीक लागतो. त्यामुळे सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा जांभळा. सीडीत ७०० एमबी, एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि ब्लू-रेत २५ जीबी मावतं, त्याचं कारण एवढंच.

ड्राइव्हमध्ये मुख्यतः तीन गोष्टी हलतात. एक मोटर चकती फिरवते. दुसरी मोटर लेसरची गाडी रुळावरून आतून बाहेर नेते. आणि लेसरवरचं इवलंसं भिंग दोन बारीक चुंबकी वेटोळ्यांच्या जोरावर सेकंदाला शेकडो वेळा वर-खाली आणि डावं-उजवं होत राहतं. राजूर घाट उतरताना एसटीचा ड्रायव्हर स्टिअरिंग कधीच स्थिर धरत नाही, सतत थोडं इकडे थोडं तिकडे करतो, तसं हे भिंग त्या रेघेवर टिकून असतं. कारण कुठलीच चकती अगदी सपाट नसते आणि तिचं भोक अगदी मध्यावर नसतं. परत आलेला प्रकाश संवेदकावर पडतो, त्याचे आकडे होतात, आणि ओरखड्यामुळे गळालेले आकडे गणिताने भरून काढले जातात. हे गणित बरंच दमदार असतं. सीडीवर रेघेच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान ते पुरतं भरून काढू शकतं. त्यापुढे मात्र ड्राइव्ह अडखळतो, वेग कमी करून पुन्हा पुन्हा वाचून बघतो. तो जो घर्र-घर्र, थांब, पुन्हा घर्र असा आवाज येतो, तो या झटापटीचा.

आता बाहेरचा ड्राइव्ह उघडून पाहिला तर आत काय असतं? लॅपटॉपच्या पोटात असायचा तोच सडपातळ ड्राइव्ह, जाडी १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर. त्याच्या मागे एक छोटी पट्टी, तिच्यावर एक चिप. ड्राइव्ह साटाची, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या जोडणीची भाषा बोलतो आणि कॉम्प्युटरचं भोक यूएसबीचं असतं, ती चिप मधल्या मध्ये दुभाष्याचं काम करते. वरून प्लास्टिकचं कवच. म्हणजे 'आतला' आणि 'बाहेरचा' यांच्यात वाचण्याच्या तंत्रात काही फरक नाही. फरक आहे तो अंगाच्या आकाराचा, विजेचा आणि जागेचा. डेस्कटॉपचा ड्राइव्ह १४६ मिलिमीटर रुंद, चार सेंटीमीटरहून थोडा जास्त उंच आणि हातात घेतला तर चांगला वजनदार. त्याची मोटर मोठी, चकती वरून-खालून घट्ट पकडणारी. सडपातळ ड्राइव्हमध्ये चकती मधल्या गोल्यावर टक् करून अडकवावी लागते आणि सगळं अंग हलकं असतं.

विजेचं प्रकरण मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण बाहेरच्या ड्राइव्हच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. डेस्कटॉपचा ड्राइव्ह एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन्ही दाब घेतो. बिचाऱ्या बाहेरच्याला फक्त यूएसबीचे ५ व्होल्ट. त्यातही यूएसबी २.० चं भोक नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० चं ९०० मिलिअँपिअर, साडेचार वॅट. ड्राइव्हच्या पाठीवरची पट्टी वाचा: ५ व्होल्ट, १ अँपिअर किंवा त्याहून जास्त असा आकडा छापलेला असतो. एवढा प्रवाह त्याला सतत लागत नाही. चकतीला पहिला वेग देताना आणि बर्न करताना लागतो. नेमकं तेव्हाच भोक कमी पडलं की ड्राइव्ह टक-टक करतो, 'माय कॉम्प्युटर'मधून गायब होतो, पुन्हा दिसतो. लोक म्हणतात ड्राइव्ह खराब निघाला. बऱ्याचदा ड्राइव्ह चांगला असतो आणि उपाशी असतो.

उपाय साधे आहेत. डेस्कटॉपला जोडायचा असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या भोकात नको, मागे मदरबोर्डच्या भोकात जोडा, कारण पुढच्या भोकापर्यंत येणारी वायर बारीक आणि लांब असते. निळ्या पट्टीचं, म्हणजे यूएसबी ३.० चं भोक असेल तर ते निवडा. काही ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल येते. दुसरं तोंड शोभेचं नसतं, तेही दुसऱ्या भोकात घालायचं. आणि पन्नास रुपयांची, दोन मीटर लांबीची एक्स्टेन्शन केबल मध्ये टाकू नका.

वेगाविषयी दुकानात फार बोललं जातं म्हणून तेही एकदा मोजून टाकू. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ एमबी. सडपातळ ड्राइव्हवर ८एक्स लिहिलेलं असतं, म्हणजे ११ एमबी. डेस्कटॉपचा ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो १६एक्सने, म्हणजे २२ एमबी. त्याच्या खोक्यावरचा २४एक्स हा बर्न करण्याचा, आणि तोही ठराविक चकत्यांवरचा. यूएसबी २.० चं जुनं भोकसुद्धा प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक एमबी नेतं, तेव्हा डीव्हीडीसाठी रस्ता कधीच अपुरा पडत नाही. ब्लू-रे असेल तरच वेगासाठी यूएसबी ३.० चा आग्रह धरावा. शिवाय खोक्यावरचा एक्सचा आकडा चकतीच्या बाहेरच्या कडेचा असतो. आतल्या वेढ्यांवर वेग निम्म्याहूनही कमी पडतो आणि सरासरी साधारण सत्तर टक्क्यांवर येते. सगळा हिशोब केला तर काठोकाठ भरलेली डीव्हीडी बाहेरच्या ड्राइव्हला दहाएक मिनिटं घेते आणि आतल्याला पाच. सहा चकत्या असतील तर फरक पडला अर्ध्या तासाचा. त्यासाठी कॅबिनेट उघडायचं कारण नाही. पण शंभर चकत्या असतील तर बाहेरच्याला सोळा-सतरा तास आणि आतल्याला आठ-साडेआठ. लग्नाचं शूटिंग करणारा जुना स्टुडिओवाला, शाळेच्या गॅदरिंगच्या चकत्या साठवून बसलेला मुख्याध्यापक, कीर्तनकारांची ध्वनिमुद्रणं जमवणारा हौशी माणूस, यांनी आतला घ्यावा.

घेण्याआधी डेस्कटॉपकडे नीट पाहावं लागतं. पुढे ड्राइव्हसाठी रुंद खण आहे का? गेल्या काही वर्षांतल्या काचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये तो खण बऱ्याचदा काढूनच टाकलेला असतो. मदरबोर्डवर साटाचं भोक रिकामं आहे का, आणि एसएमपीएसमधून साटाची चपटी पॉवर पिन शिल्लक आहे का? जुन्या मशीनमधला आयडीईचा, म्हणजे रुंद चपट्या फितीचा ड्राइव्ह नव्या बोर्डावर थेट बसत नाही, बोर्डाने ते भोकच सोडून दिलंय. एवढं जमलं तर बसवणं दहा मिनिटांचं काम आहे: वीज बंद, दोन्ही बाजूंना स्क्रू, दोन केबल. लॅपटॉपमध्ये आत बसवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. ज्याला जागा ठेवलेलीच नाही त्यात ती करता येत नाही.

इथे जिल्ह्याचा भूगोलही थोडा आडवा येतो. आपण घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग करून बोलतो ते उगाच नाही. मे महिन्यात बुलढाणा-चिखलीला पंखा लावून काम चालतं, तेव्हा मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावकडे पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असतो आणि वीज जाण्याचं प्रमाणही उन्हाळ्यातच वाढतं. बर्न चालू असताना वीज गेली की ती एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी वाया. लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा ड्राइव्ह इथे जिंकतो, कारण बॅटरी मध्ये उभी असते. डेस्कटॉपवाल्याने यूपीएसशिवाय बर्न करू नये. घरातला इन्व्हर्टर बराच मोठा असला तरी तो साध्या मोडवर असेल तर वीज गेल्यावर बदल करायला जो क्षण घेतो, तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटन असतं, ते दाबलेलं आहे का बघा.

दुसरी गोष्ट धूळ. कॅबिनेटचे पंखे आतली हवा बाहेर फेकतात, मग ती हवा जिथून फट मिळेल तिथून आत येते, आणि ट्रेची फट ही त्यातली एक. खामगावसारख्या कापसाच्या गावात जिनिंगच्या आसपास ज्यांची दुकानं आहेत त्यांनी कधी जुना ड्राइव्ह उघडला असेल तर भिंगावर बसलेला तो मऊ थर त्यांना ठाऊक असेल. बाहेरचा ड्राइव्ह काम झालं की पिशवीत घालून कपाटात जातो. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू बारा महिने धूळ खात ठेवायची नाही, हे मला बाहेरच्या ड्राइव्हच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण वाटतं. डेस्कटॉपच्या मोठ्या ड्राइव्हमध्ये ट्रे सरकवायला एक रबरी पट्टा असतो. वर्षानुवर्षं न वापरता राहिला की तो कडक किंवा सैल होतो आणि ट्रे अडकतो. मग पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली यू-पिन घालून तो बाहेर काढावा लागतो. सडपातळ ड्राइव्हला पट्टा नसतोच, त्याचा ट्रे हातानेच ओढायचा आणि हातानेच ढकलायचा.

ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे, आणि मला तीच जास्त आवडते. जुना, बंद पडलेला लॅपटॉप घरात असेलच. त्याच्या बाजूचा ट्रे एकाच स्क्रूवर धरलेला असतो. तो काढला की ड्राइव्ह सरकन बाहेर येतो. त्याची जाडी मोजायची, १२.७ की ९.५, आणि त्या मापाचं यूएसबीचं रिकामं कवच मागवायचं. झाला बाहेरचा ड्राइव्ह. डेस्कटॉपचा जुना ड्राइव्ह असेल तर साटा किंवा आयडीई ते यूएसबी असा जोड मिळतो. त्याच्यासोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर असलाच पाहिजे, नाहीतर मोटर फिरणार नाही. दिसायला ओबडधोबड, टेबलावर उघडाच पडलेला, पण मोठ्या ड्राइव्हची पकड आणि यूएसबीची सोय दोन्ही एकात. गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये अशा ड्राइव्हचा ढीग कोपऱ्यात पडलेला असतो.

ड्राइव्ह आला, जोडला. खरी गंमत त्यानंतर सुरू होते, कारण चकती दिसली म्हणजे उतरवता आली असं नाही.

लग्नाच्या डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर असतं आणि त्यात व्हीओबी नावाच्या, एकेक जीबीच्या फाइली. त्या तशाच कॉपी करता येतात. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोजसोबत सरसकट येत नाही, म्हणून व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर टाकून घ्यावा. डीव्हीडीच्या आधीच्या काळातली, म्हणजे तीन चकत्यांत मावलेली लग्नं ही बहुधा व्हीसीडी असतात. तिथे एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाइल उतरवायची. व्हीसीडीत चुका दुरुस्त करण्याचं गणित कमी ठेवून ती जागा चित्राला दिलेली असते, त्यामुळे थोडा ओरखडाही कॉपी मध्येच थांबवतो. गाण्यांच्या किंवा अभंगांच्या ऑडिओ सीडीत तर मोठाच चकवा आहे. ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा फाइली दिसतात, क्षणात कॉपी होतात, आणि नंतर वाजतच नाहीत. त्या फाइली नसतातच, चकतीवरच्या जागेचे नुसते पत्ते असतात. आवाज उतरवायचा तर विंडोज मीडिया प्लेअरमध्ये जाऊन 'रिप' करावं लागतं. एमपी३ची सीडी मात्र सरळ कॉपी होते. एका चकतीत बारा तासांच्या आसपास आवाज मावतो, म्हणून तर एकवीस अध्यायांचं पारायण एकाच चकतीत यायचं.

एमआरआयच्या सीडीत चित्रं डायकॉम नावाच्या पद्धतीत असतात आणि बहुतेकदा ती बघायचा छोटा प्रोग्रामही सोबत असतो. इथे एक कळकळीची सूचना. त्यातली दोन-चार चित्रं जेपीजी करून डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, सगळं फोल्डर जसंच्या तसं उतरवून द्या. डॉक्टर त्यात मागे-पुढे सरकून बघतात, उजेड कमी-जास्त करतात, मापं घेतात. ते सगळं जेपीजीत मरतं.

अमेरिकेतल्या लेकाने पाठवलेली विकतची सिनेमाची डीव्हीडी चालत नसेल तर ड्राइव्हला दोष देऊ नका. सिनेमाच्या डीव्हीडींना प्रदेश ठरवून दिलेले असतात, अमेरिका १ आणि भारत ५. ड्राइव्हचा प्रदेश बदलता येतो, पण एकूण पाचच वेळा. त्यानंतर तो शेवटच्या प्रदेशावर कायमचा अडकतो. घरगुती शूटिंगच्या चकत्यांना ही भानगड नसते.

चकती वाचत नसेल तर मऊ, जरासं ओलसर सुती कापड घेऊन मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची. गोल गोल पुसलं तर ओरखडा रेघेच्या दिशेने जातो आणि गणिताला तोच झेपत नाही. सीडीची छपाईची बाजू जास्त जपायची, कारण चमकणारा थर तिथे वरच्या वार्निशच्या लगेच खाली असतो. बॉलपेनने 'ताईचं लग्न' लिहिलं आणि त्या अक्षरांखालचा थर गेला, असं होतं. डीव्हीडीत तो थर दोन ०.६ मिलिमीटरच्या पापुद्र्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. कागदी स्टिकर लावलेली चकती वेगाने फिरवली की थरथरते, तिला कमी वेगाने वाचणारा सडपातळ ड्राइव्हच कधी कधी बरा पडतो. आणि एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसऱ्याने वाचली, हे इतक्यांदा घडतं की शेजारच्याचा ड्राइव्ह आणून बघितल्याशिवाय कुठलीही चकती टाकून देऊ नये. भावकीत एकच ड्राइव्ह पुरतो असं मी वर म्हटलं खरं, पण हट्टी चकतीसाठी गल्लीतला दुसरा कामाला येतो.

एका प्रकारच्या चकत्यांवर मात्र हे सगळे प्रयोग करू नयेत: ज्या कोर्टात जायच्या आहेत. याचं उदाहरण शेजारीच आहे. देऊळगावराजा ओलांडलं की लगेच जालना जिल्हा लागतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि त्यांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर स्वीकारला गेला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण, आणि ते कोर्टापुढे आलं व्हीसीडींमधून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने एक नियम पक्का करून टाकला: ज्या यंत्रात मुळात नोंद झाली ते यंत्रच कोर्टात आणलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. पण चकतीवर किंवा पेनड्राइव्हवर त्याची नक्कल दिली तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आहे आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरातून काढलेला तपासणीचा आकडाही लिहावा लागतो. त्यामुळे जमिनीच्या वादातलं शूटिंग असो नाहीतर अपघाताचं, मूळ कॅमेरा, मूळ कार्ड आणि मूळ चकती जपून ठेवा आणि पुढचं वकिलांना विचारून करा.

चकत्या रिकाम्या केल्यावर तो माल ठेवायचा कुठे? शंभर भरलेल्या डीव्हीडी म्हणजे फार फार तर ४७० जीबी, आजच्या साध्या हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात मावतील. हार्ड डिस्कच्या बाबतीत आत की बाहेर असा वाद मी घालणार नाही, दोन्ही हव्यात. एक प्रत कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि ती बाहेरची डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी. बाहेरची हार्ड डिस्क चालू असताना टेबलावरून पडली तर तिच्या आतली डोकी चकत्यांना घासतात, आणि मग डेटा परत मिळवण्याचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट जातो. स्वस्तात होईल या आशेवर तिला उघडून देणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नये.

चकत्या उतरवायचं काम लवकर करण्याला कारण आहे. बर्न केलेल्या चकतीतलं रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने उतरत जातं, आणि घाटाखालच्या पत्र्याच्या खोलीतलं कपाट ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. चकत्या करणारेही उठून जात आहेत. स्वस्तात सिनेमाच्या सीड्या-डीव्हीड्या घरोघरी पोचवणारी मोझर बेअर ही आपल्याकडची मोठी कंपनी, २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. आतले आणि बाहेरचे ड्राइव्ह मात्र अजून मिळतात.

घ्यायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. घरातली सगळ्यात खराब, ओरखड्यांनी भरलेली चकती आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा. दुकानदार स्वतःच्या मशीनवर कोरी चमकती चकती चालवून दाखवेल, त्याला मान हलवून हो म्हणा, आणि मग म्हणा, "भाऊ, आता ही लावून पाहू." ड्राइव्ह तुमच्या लॅपटॉपच्या भोकात, त्याच्यासोबत आलेल्या केबलनेच जोडायचा. चकती दिसायला अर्धं-एक मिनिट लागलं तर हरकत नाही. मधलीच एखादी मोठी फाइल लॅपटॉपच्या स्क्रीनवर ओढून पूर्ण कॉपी होऊ द्या. त्यात ड्राइव्ह एकदाही गायब झाला नाही, तर पैसे द्या आणि बिलावर ड्राइव्हचा सिरिअल नंबर लिहून घ्या.